मुतखडा आणि ताटातली वजाबाकी

या महिन्यात मुतखड्याची पत्रं इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. जवळपास प्रत्येकाने काय काय सोडलं त्याची यादी दिली आहे. दूध सोडलं, टोमॅटो सोडला, बियांची फळं सोडली, डाळी सोडल्या. दिवसाला लघवी किती होते, हे मात्र एकानेही लिहिलेलं नाही. मूत्रविकार विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हेच बघत आले आहे. माझ्या टेबलावर आकडे छापलेला दोन लिटरचा प्लास्टिकचा जग असतो. समोरचा माणूस पथ्याची वही उघडतो आणि मी तो जग पुढे सरकवते. लोकांना अवघडल्यासारखं होतं. होऊ दे.

प्रश्न : ताई, माझं वय ३९. मागच्या वर्षी उजव्या किडनीतला ७ मिलिमीटरचा खडा दुर्बिणीने काढला. खड्याच्या तपासणीत ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ आलं. तेव्हापासून मी दूध, दही, चीज सगळं बंद केलं आहे. टोमॅटो आणि बिया असलेली फळंही बंद. आता कंबर आणि गुडघे दुखतात. आणखी काय बंद करू?

उत्तर : आणखी काहीच बंद करायचं नाही. दूध-दही परत सुरू करा, आणि तेही जेवणासोबत.

रिपोर्टवर कॅल्शियम लिहिलंय म्हणून कॅल्शियम तोडायचं, हा हिशेब सरळ वाटतो. पण शरीरात तो तसा चालत नाही. पालक, बीट, बदाम अशा पदार्थांतून ऑक्झलेट नावाचं एक द्रव्य पोटात जातं. त्याच जेवणात कॅल्शियम असेल तर दोघांची आतड्यातच गाठ पडते, ते एकमेकांना चिकटतात आणि शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि किडनीतून लघवीत उतरतं. लघवीत कॅल्शियम असतंच, आणि तिथे दोघांची गाठ पडली की खडा जमतो. तुम्ही दूध सोडलंत म्हणून ते शून्यावर येत नाही, कारण शरीर हाडांतून काढून आपली गरज भागवतं. म्हणजे खड्याचा धोका वाढला आणि हाडंही झिजायला लागली, असा दुहेरी तोटा.

हे माझ्या मनचं नाही. इटलीतल्या पार्मा इथल्या डॉक्टरांनी वारंवार कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणाऱ्या आणि लघवीत जास्त कॅल्शियम जाणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला कमी कॅल्शियमचा आहार, दिवसाला सुमारे ४०० मिलिग्रॅम. दुसऱ्याला नेहमीइतकं, सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. दुसऱ्या गटातल्या ६० पैकी १२ जणांना. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १९९३ मध्ये अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक पुरुषांच्या आहाराची पाहणी झाली होती. त्यातही अन्नातून सर्वांत जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खड्याचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. इतकं सगळं छापून येऊनही ‘खडा झाला, दूध बंद’ हे वाक्य काही मरत नाही.

तुम्हाला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. २५० मिलिलिटर दुधातून साधारण ३०० मिलिग्रॅम मिळतं. एकदम न घेता दिवसभरात वाटून घ्या : नाश्त्याला दूध, दोन्ही जेवणांत वाटीभर दही, उरलेलं बाकीच्या अन्नातून येतं. कॅल्शियमची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर तीही जेवतानाच घ्या. रिकाम्या पोटी किंवा झोपताना घेतलेल्या गोळीला आतड्यात ऑक्झलेट भेटतच नाही, नुसतं लघवीतलं कॅल्शियम वाढतं. मनाने मात्र गोळी सुरू करू नका.

टोमॅटोत ऑक्झलेट अगदी थोडं असतं. आणि फळातली बी किडनीत जाऊन बसते, असं कुठेही घडत नाही. अन्नाचा मार्ग वेगळा, लघवीचा वेगळा. खडा लघवीत विरघळलेल्या क्षारांचा बनतो. टोमॅटो खा, पेरू खा.

कंबर-गुडघ्यांच्या दुखण्याला सोडलेलं दूधच कारणीभूत आहे, हे पत्रावरून मी म्हणणार नाही. डॉक्टरांकडून तपासून घ्या. ‘ड’ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करायची का, तेही विचारा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ४६. दोनदा खडा पडून गेला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. मी रोज आठ ग्लास पिते. वर्ग सोडून सारखं स्वच्छतागृहात जाता येत नाही, त्यामुळे याहून जास्त जमत नाही. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : ‘भरपूर’ म्हणजे किती, हे पोटात गेलेल्या पाण्यावरून ठरत नाही, बाहेर आलेल्या लघवीवरून ठरतं. आठ ग्लास पाणी थंड खोलीत बसणाऱ्याला कदाचित पुरेल. दिवसभर उभं राहून बोलणाऱ्या, घाम गाळणाऱ्या माणसाला पुरणार नाही. ज्यांना खडा होऊन गेलाय त्यांची लघवी दिवसाला किमान अडीच लिटर व्हायला हवी. त्यासाठी साधारण तीन लिटर द्रव पोटात जावं लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

सुट्टीच्या दिवशी मोजा. सकाळची पहिली लघवी सोडून द्या आणि तेव्हाची वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची प्रत्येक लघवी मापाच्या भांड्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली धरून. एकूण आकडा लिहा. दीड लिटरच्या खाली असेल तर बाकीच्या पथ्यांचा विचार नंतर करू, आधी पाणी. पार्म्यातल्याच डॉक्टरांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पहिल्यांदा खडा झालेल्या लोकांना फक्त पाणी वाढवायला सांगितलं होतं, रोजची लघवी दोन लिटरच्या वर जाईल इतकं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यात २७ टक्के. निम्म्याहून कमी, तेही नळाच्या पाण्याने. असं औषध असतं तर लोकांनी रांगा लावल्या असत्या.

आता तुमच्या वेळापत्रकाचं. उठल्यावर दोन ग्लास, म्हणजे घर सोडण्याआधी त्याचा निचरा होतो. मधल्या सुट्टीच्या सुरुवातीला जाऊन यायचं आणि मग प्यायचं. शाळा सुटायच्या तासभर आधी दोन ग्लास. संध्याकाळ तुमचीच आहे. झोपताना एक ग्लास घ्या, रात्री एकदा उठावं लागलं तर जाऊन या आणि परत अर्धा ग्लास प्या. झोपमोड होते, मान्य. पण रात्रीचे सात-आठ तास पाणी पोटात जात नाही, लघवी सर्वांत दाट तेव्हाच होते, आणि क्षारांचे स्फटिक दाट लघवीतच जमतात. वर्गात लघवी रोखून धरावी लागेल या भीतीने दिवसभर तहान मारणाऱ्या शिक्षिका मला बऱ्याच भेटल्या आहेत. मुख्याध्यापकांशी एकदा स्पष्ट बोला. हे वैद्यकीय कारण आहे, लाजायचं काय त्यात?

चहा-कॉफीही या हिशेबात धरा, दोन-तीन कपांनी काही बिघडत नाही. साखरेची शीतपेयं धरू नका, त्यांनी धोका वाढतो. लिंबू चांगलं, कारण त्यातलं सायट्रेट लघवीत कॅल्शियमला धरून ठेवतं, खडा जमू देत नाही. पण ग्लासात दोन थेंब पिळून उपयोग नाही. दिवसभरात मिळून साधारण अर्धा कप रस जायला हवा, साखर न घालता, भरपूर पाण्यात. वर चूळ भरा, नाहीतर दात आंबतील.

प्रश्न : सोनोग्राफीत मूत्रनळीत ४ मिलिमीटरचा खडा दिसला आहे. तीन दिवसांपासून अधूनमधून कळ येते. खडा ढकलला जावा म्हणून रोज सहा-सात लिटर पाणी पितो आहे. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. पाण्याच्या जोराने खडा लवकर पडतो, याला आधार नाही. कळ चालू असताना जबरदस्तीने पाणी रिचवलं तर उलट्या आणि दुखणं वाढू शकतं. नेहमीइतकं, तहानेपेक्षा थोडं जास्त प्या आणि डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक वेळेवर घ्या. ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, काही आठवडेही लागतात. तोवर लघवी बारीक गाळणीतून करा आणि खडा सापडला की कोरड्या डबीत ठेवून तपासायला द्या. तो टाकून देऊ नका. पुढची सगळी पथ्यं तो कशाचा आहे यावर ठरतात.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात किंवा औषधाने कळ आटोक्यात येईना, तर घरी थांबू नका. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जिवावर बेततं. तिथे आहाराचा काही संबंध नाही.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, जिमला जातो. वडिलांना दोनदा मुतखडा झालाय. मला काही त्रास नाही, पण विचारून ठेवतो. सकाळी कच्चा पालक, बीट आणि मूठभर बदामांची स्मूदी, तीही बदामाच्या दुधात. दिवसातून दोनदा १००० मिलिग्रॅमची ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी आणि प्रोटीन पावडर. हे सगळं आरोग्यदायीच आहे ना?

उत्तर : आधी विचारलंस हे उत्तम. कुणाला मुद्दाम मुतखडा करायचा असता, तर मी त्याला साधारण हाच ग्लास लिहून दिला असता.

शिजवलेल्या अर्ध्या कप पालकात सुमारे ७५० मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं. ज्यांच्या लघवीत ऑक्झलेट जास्त येतं, त्यांना आम्ही दिवसभरात १०० च्या आसपास राहायला सांगतो. मूठभर बदामात आणखी शंभरेक. बीट त्यात भर घालतं, बदामाचं दूधही. आणि ज्याने हे आतड्यात अडवलं असतं ते गाई-म्हशीचं दूध किंवा दही या ग्लासात नाहीच. रोज पालेभाज्यांचे रस पिऊन किडन्या ऑक्झलेटने भरल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. विरळा आहेत, पण आहेत.

‘क’ जीवनसत्त्वाची पुरुषाची गरज दिवसाला साधारण ९० मिलिग्रॅम. तू २००० घेतोस. वरचं सगळं वाया जातं असंही नाही, त्यातल्या काही भागाचं शरीर ऑक्झलेट करतं. संत्री-मोसंबीने असं होत नाही, हा घोळ गोळ्यांचा आहे. बंद कर.

पालक कायमचा सोडायला मी सांगणार नाही. आठवड्यातून एखाद्या वेळी खा. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दे, म्हणजे विरघळणारं ऑक्झलेट बऱ्यापैकी निघून जातं. सोबत दही घे. रोजच्यासाठी कोबी, फ्लॉवर, काकडी, लेट्यूस आहेत.

प्रोटीन पावडरचा डबा मला न बघता सांगता येणार नाही, पण एकूण गोळाबेरीज कर : पावडर, अंडी, मांस, डाळी मिळून दिवसाला किती ग्रॅम? प्राणिज प्रथिनं फार झाली की लघवी आंबट होते, कॅल्शियम आणि युरिक ॲसिड वाढतं, सायट्रेट घटतं. खड्याला जे जे हवं ते सगळं एका दमात. तुझ्या घरात खडे आहेत, म्हणून वजनाच्या दर किलोला एक ग्रॅमच्या आसपास राहा. ट्रेनर दुप्पट सांगेल. वडिलांना खड्याच्या वेळी काय वाटलं होतं, ते ट्रेनरला ऐकव.

प्रश्न : चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीत कॅल्शियम जास्त आलं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. कॅल्शियम जास्त असताना मीठ का कमी करायचं, तेच कळलं नाही. आम्ही तर वरून मीठ घेतही नाही.

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी नेमकं सांगितलं, फक्त कारण सांगायला त्यांना वेळ मिळाला नसावा. किडनीत सोडियम आणि कॅल्शियम यांची ये-जा एकमेकांशी बांधलेली आहे. जास्तीचं सोडियम बाहेर टाकताना किडनी सोबत कॅल्शियमही जाऊ देते. दिवसाला साधारण ६ ग्रॅम मीठ जादा गेलं तर लघवीत सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जादा उतरतं. दूध तेवढंच असलं तरी.

वरून घेत नाही, हे मला रोज ऐकवलं जातं. त्यावर माझा एक साधा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमची, म्हणजे सपाट चमचाभर. घरात चार माणसं असतील तर महिन्याला ६०० ग्रॅम. तुमची एक किलोची पिशवी किती दिवस पुरते? महिन्यात संपत असेल, तर माणशी ८ ग्रॅमच्या वर झालं, आणि पाव, सॉस, चिप्स, झटपट नूडल्स, लोणचं, चीज यांतलं मीठ अजून धरलेलंच नाही. पिशवीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. वादच मिटतो.

पाकिटांवर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. एका पाकिटात ९०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ, दिवसाचा जवळजवळ निम्मा कोटा एका खाण्यात. खाण्याचा सोडाही यात मोडतो, हे लोक विसरतात.

पुन्हा तपासणी कराल तेव्हा नेहमीचंच खा-प्या. तपासणीपुरतं पाणी वाढवून आणि मीठ तोडून आलेला रिपोर्ट बघायला छान असतो, उपयोगाचा नसतो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचा (वय ५२) खडा युरिक ॲसिडचा निघाला. त्यांना मधुमेह आहे. खडा विरघळवणारा एखादा पदार्थ सांगाल का? त्यांचे मित्र म्हणतात, बिअरने खडा वाहून जातो.

उत्तर : विरघळवणारा पदार्थ नाही, पण विरघळणारा खडा तुमच्याकडे आहे. कॅल्शियमचे खडे कुठल्याही खाण्याने विरघळत नाहीत. युरिक ॲसिडचा खडा मात्र लघवीचा आंबटपणा कमी केला की विरघळू शकतो. त्यासाठी डॉक्टर बहुधा पोटॅशियम सायट्रेट देतात आणि लघवीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा मोठा तितका आंबटपणा कमी), ६.५ च्या आसपास ठेवायला सांगतात. औषधाच्या दुकानातल्या पट्ट्यांनी तो घरी मोजता येतो. डोस आपल्या मनाने वाढवू नका. पीएच ७ च्या वर चढला तर दुसऱ्याच जातीचे, कॅल्शियम फॉस्फेटचे खडे होऊ शकतात.

ताटात फळं-भाज्या वाढवा, मांस आणि मासळी कमी करा, काळीज-भेजा पूर्ण बंद. फळांचं साखरयुक्त सरबत नको. मधुमेह आणि पोटाचा घेर यांनी लघवी आंबट राहते, म्हणून साखर आणि वजन आटोक्यात आणणं हाही यावरचाच इलाज.

बिअरने लघवी जास्त होते, त्यावरून ही समजूत निघाली असावी. पण बिअरने युरिक ॲसिड वाढतं. मित्रांना बिअर पिण्यासाठी दुसरं कारण शोधू द्या.

प्रश्न : मुली, मी ७१ वर्षांचा. हृदय कमजोर आहे, किडनीचं कामही थोडं कमी झालंय. डॉक्टरांनी दीड लिटरपेक्षा जास्त पाणी पिऊ नका म्हटलंय. आता सोनोग्राफीत ५ मिलिमीटरचा खडा दिसला. सगळे म्हणतात तीन लिटर प्या. कुणाचं ऐकू?

उत्तर : काका, डॉक्टरांचंच. वर मी शिक्षिकाबाईंना जे लिहिलं ते तुमच्यासाठी नाही. तुमच्या हृदयाला ते पाणी पेलणार नाही, पायांवर सूज येईल, दम लागेल. खडा किडनीत शांत बसलेला असेल तर घाई नसते. मूत्ररोगतज्ज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावा. दोघांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या फाइलींत ठेवू नका.

मीठ कमी करणं तुमच्या हृदयालाही हवं आणि खड्यालाही, त्यामुळे जोर तिथे द्या. दूध-दही किती घ्यायचं ते किडनीच्या डॉक्टरांना विचारून, पण जे घ्याल ते जेवणासोबत. दीड लिटरचं पाणी सकाळीच संपवू नका, दिवसभरात सारखं वाटून घ्या.

आणि कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं, ते घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी कमी चालत असताना ते रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. घरात आधीच आणलं असेल, तर पाकीट उलटून बारीक अक्षरं नातवाकडून वाचून घ्या.